उंचावरचे तीन दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रार अधिकाऱ्याने बॅग भरली, मग रिकामी केली, मग पुन्हा भरली. तंबूत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तंबू मात्र देखणा होता. खाली जाड गालिचा, घडीचा पलंग, दोन उशा, पितळेचा दिवा. बाहेर आरामखुर्ची. तंबूत राहायचं पण हाल होऊ द्यायचे नाहीत, याला हल्ली ग्लॅम्पिंग म्हणतात, आणि ते एकट्याने केलं की मनाची काळजी घेणं म्हणतात. खाण्याची सोय ज्याची त्याने करायची होती. त्याने बिस्किटं, केळी आणि चणे आणले होते. आंघोळीचं म्हणाल तर एक बादली आणि जिद्द यांवर त्याने भागवलं.

तो पाणीपुरवठा खात्यात होता. एकवीस वर्षं त्याने एवढंच ऐकलं होतं : पाणी आलं नाही, पाणी गढूळ आलं, शेजारी आलं पण आमच्याकडे आलं नाही. अलीकडे तो झोपेतही "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" असं म्हणायला लागला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, तीन दिवस कुठेतरी एकटे जाऊन राहा, नाहीतर मी गोळ्या वाढवतो.

"एकटे?" बायको म्हणाली होती. "तुम्ही? अहो, मोरीत पाल दिसली तर मला हाक मारता."

"मी जाणार म्हणजे जाणार."

"जा की. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत परत आलात, तर 'मला विश्रांती हवी' हे वाक्य या घरात पुन्हा ऐकू येता कामा नये. शिवाय दर रविवारची भाजी तुम्ही आणायची. जन्मभर."

त्या रात्री त्याने डोंगरातल्या एका ग्लॅम्पिंगची जाहिरात पुन्हा उघडून बघितली. 'वन्य प्राण्यांचे आवाज ऐकत निद्राधीन व्हा', असं त्यात होतं. हे वाक्य त्याने तीनदा वाचलं, थोडा वेळ भिंतीकडे बघत बसला आणि मग काय करायचं ते पक्कं ठरवलं. दोन दिवसांनी, घर उठायच्या आत, बराच लवाजमा घेऊन तो बाहेर पडला.

आल्यापासून त्याला माणूस दिसला नव्हता. एक कबुतर होतं. ते दर तासाला यायचं, साहेबांसारखी मान वाकडी करून त्याच्याकडे बघायचं आणि काही न बोलता जायचं. वारा असा होता की वर्तमानपत्र उघडणं म्हणजे कुस्तीच. सूर्यास्त चांगला होता, पण त्यालाही सगळी मिळून दहा मिनिटं लागायची.

खरा त्रास एकच होता. सकाळ-संध्याकाळ जवळच पाणी खळखळायचं. जाहिरातीत म्हटलं होतं की वाहत्या पाण्याने मन निवतं. त्याचं निवत नव्हतं. पाणी वाहताना दिसलं की त्याचा हात आपोआप पेनाकडे जायचा. पण आपण विश्रांतीला आलोय, कशालाही हात लावायचा नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. तो डोळे मिटायचा, दीर्घ श्वास घ्यायचा आणि मनातल्या मनात तक्रार क्रमांक द्यायचा.

घरी रोज एकच फोन करायचा, असं ठरलं होतं. त्या संध्याकाळी त्याने भरलेल्या बॅगेवर बसून तो केला.

"कसं काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"अप्रतिम. निव्वळ एकांत."

"वारा आहे का?"

"भन्नाट. उंचावर आहे ना."

"इकडेही सुटलाय. सासूबाई विचारतायत, वर थंडी वाजते का?"

"आईला सांग, कानटोपी आणलीये."

"बरं. आणि ते खालच्या मजल्यावरचे आजोबा कसलीशी किल्ली मागायला आले होते. तुमच्याकडेच राहिली वाटतं."

त्याने खिसा चाचपला. "असेल. का, घाई आहे?"

"छे! मी म्हटलं, आमचे हे दमलेत, त्यांना आत्ता त्रास नको. ठेवते हं, कांदा परततेय."

आणि खरोखरच त्याच्या नाकाशी परतलेल्या कांद्याचा वास आला. इतका, की डोळे भरून आले.

"थांब," तो म्हणाला. "समजा, नुसतं समजा, की एखादा माणूस एक दिवस आधीच आला..."

"दर रविवारी," बायको म्हणाली. "जन्मभर."

त्याने बॅग रिकामी केली.

तिसरा दिवस त्याने चणे मोजून काढला. कबुतर आलं तेव्हा तो उठून उभा राहिला, इतकी सवय झाली होती. चार वाजले. पाच वाजले. पाणी खळखळू लागलं. त्याने दात-ओठ खाल्ले, पण जागचा हलला नाही. सहाला एक मिनिट कमी असताना त्याने फोन हातात घेतला आणि सहाच्या ठोक्याला लावला.

"घड्याळ बघ," तो म्हणाला. एकवीस वर्षांत त्याचा आवाज असा कधी लागला नव्हता.

"बघितलं. शाब्बास! खरं सांगू, मला नव्हतं वाटलं."

"माणसाने अधूनमधून सगळं सोडून लांब जायला हवं गं. लांबून घराची किंमत कळते."

"कळत असेल."

"बरं, आता आवराआवर करतो आणि निघतो. रस्ता वळणावळणाचा आहे. चार तास तरी धर."

पलीकडे कपबशा वाजल्या.

"चार तास कशाला?" बायको म्हणाली. "हॉलमधला गालिचा गच्चीवरच झटका, टाकी भरून वाहतेय तिचा कॉक बंद करा, आणि या खाली. चहा टाकलाय."