चाकाची लाल चिंधी

साखळी ओढत मोजणीदार हॉब्ज घराला वळसा घालून थेट पलीकडच्या शेतात गेला, तेव्हा सिग्रिड हातातलं काम टाकून दारात आली. हद्द घराच्या मधून जायला हवी होती.

घर त्या हिशेबानेच बांधलेलं. माळावरच्या मातीच्या ढेपांचं, मधे भिंत, दोन दारं. अलीकडचा भाग सिग्रिड मोएनच्या जमिनीवर, पलीकडचा एमुंड लिएनच्या. अमेरिकेत सरकार जमीन फुकट देत होतं, पण पाच वर्षं स्वतःच्या तुकड्यावर राहून दाखवावं लागे. लग्न केलं तर नवऱ्याचं घर तेच बायकोचं. तिची जमीन गेलीच म्हणायची. म्हणून दोघं भिंतीच्या दोन बाजूंना राहत होती, आणि पाद्री दर उन्हाळ्यात येऊन तोंड वाकडं करून जात होता.

"एमुंडला बायको हवीय, पण आधी दोन्ही जमिनी!" शेजारी चिडवत. सिग्रिडला अलीकडे हसू येत नव्हतं. तिचा बाप नॉर्वेत दुसऱ्याच्या शेतावर राबला आणि म्हातारपणी बाहेर काढला गेला. तिला जमीन हवीच होती, जिवापलीकडे हवी होती. पण एमुंडने एकदाही 'मरू दे माझी जमीन' म्हणू नये, हे तिला लागलं होतं.

त्यात एकट्या बाईच्या दाव्यात खोट काढायला कचेरी टपलेली. इथे पाऊल ठेवलं त्याच आठवड्यात दोघांनी सोफी बर्ग नावाच्या बाईचं ऐकलं होतं. तिचं घर हातभर भावाच्या हद्दीत निघालं आणि बिचारीच्या हातचं सगळं गेलं.

हॉब्ज परत आला. एमुंडने त्याला भाजलेल्या जवाची कॉफी दिली.

"बाई, तुमची काळजी मिटली," हॉब्ज म्हणाला. "अख्खं घर तुमच्या हद्दीत आहे. खुशाल दावा लावा. एमुंड, तू मात्र बाबा तुझ्या जमिनीवर एक रात्रसुद्धा काढलेली नाहीस. तुझी गेली."

एमुंडने मान हलवली. हॉब्ज साखळी गुंडाळून निघून गेला.

सिग्रिडला आपल्या जमिनीचा आनंदही धड होईना. पाच वर्षांपूर्वी हद्द आखायच्या दिवशी एमुंडनेच गाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधली होती. चिंधी वर आली की एक फेरी. तो बाजूने चालत फेऱ्या मोजत होता. माळावर सगळे अंतर असंच मोजत. शेवटी त्याने खुंटा ठोकला आणि खुंट्यावर भिंत उभी राहिली.

"कसा रे चुकलास?" तिने विचारलं.

"तू गाडीवर बसून गात होतीस. आकडा सुटला."

"मग पुन्हा मोजायचं होतंस, गाढवा! पाच वर्षं पाण्यात गेली ना तुझी!" तिचे डोळे भरून आले होते.

एमुंडने हॉब्जचा पेला विसळला आणि फळीवर उपडा घातला.

"दुसऱ्या सकाळी तू पाण्याला गेलीस तेव्हा मोजलं की," तो म्हणाला. "खरी हद्द पार पलीकडे निघाली, खुंटा तुझ्याच जमिनीत होता. खुंटा तेवढा नाही हलवला."