रेघ नसलेला चौकोन

'या चौकोनाला कुठूनच रेघ येत नाही, उघडून तपासा,' असं ते कोड तपासणारं टूल पाच महिने बजावत होतं. सॉफ्टवेअरचा कुठला भाग कुणाच्या आधारावर उभा आहे, याचा नकाशा ते दर सोमवारी काढायचं, प्रत्येक भाग म्हणजे एक चौकोन आणि आधार म्हणजे रेघ, आणि हा एकच चौकोन कोपऱ्यात एकटा पडलेला असायचा. टीमलीड दर वेळी 'दुर्लक्ष करा'वर क्लिक करायची, कारण तो भाग टीममधल्या सगळ्यात अनुभवी ताईंनी लिहिलेला होता.

"अगं, एकदा उघडून तर बघ," ताई म्हणायच्या.

"तुमचं काम मी काय तपासणार, ताई? आणि हाताला परत बँडेज? त्या जिन्याचं तुमच्याशी काय वैर आहे?"

ताई नुसत्या हसायच्या.

आज ताई आल्या नाहीत. फोन त्यांच्या नवऱ्याने उचलला. "ताप आहे, झोपलीय," म्हणाला. ताईंचं काम अडू नये म्हणून टीमलीडने अखेर तो चौकोन उघडला. आत कोड नव्हताच.

'३ जून. मनगट पिरगाळून मोडलं.
१९ जुलै. पट्ट्याने पाठ फोडली.
६ ऑगस्ट. तापलेली इस्त्री.
माझा फोन तो रोज तपासतो. ऑफिसचं हे त्याला उघडता येत नाही.'

शेवटची ओळ आज सकाळचीच होती.

'गळा दाबला. आज आले नाही, तर फोन करू नकोस. घरी ये.'



टीमलीड पोलिसांना घेऊन ताईंच्या घरी निघाली आहे. तुमच्या शेजारची खुर्ची आज रिकामी असेल, तर तुम्हीही नुसत्या फोनवर विसंबू नका, जाऊन बघून या.