बघायला आलेली माणसं

परक्या देशात भरवशाचा कंत्राटदार मिळणं म्हणजे नशीबच. या नवरा-बायकोचं नशीब पोहण्याचा तलाव बिनफरशांचा ठेवून आणि वाढीव खोलीच्या चार भिंती उभ्या करून जे गायब झालं, ते फोनही उचलेना.

आज मात्र कंत्राटदार दारात उगवला. सोबत त्याचं काम बघायला आलेलं एक नवं जोडपं आणि मिस्त्रींची फौज. जोडप्याला काम दिसावं म्हणून मिस्त्री तलावात उतरून भराभर फरशा बसवायला लागले.

"माणूस भरवशाचा आहे ना?" नव्या बाईंनी विचारलं.

बायको तोंड उघडणार, तोच नवरा म्हणाला, "अगदी डोळे झाकून काम द्या!"

जोडपं खूश होऊन गेलं. पाठोपाठ मिस्त्रीही गेले. बायको उसळली, "इतकं धडधडीत खोटं?"

"अगं, तलाव तर पुरा झाला! आपण याचं काम बघायला गेलो, तेव्हा त्या घरचे आजोबा असंच नाही का म्हणाले? त्यांचा जिना त्याच दिवशी पुरा झाला."

बायकोने बिनछपराच्या खोलीकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"अहो, भावजी कधीपासून घर वाढवायचं म्हणताहेत. बोलवा की त्यांना, आपलं काम बघायला."