बुटाच्या नाड्या

"बंदूक तुमच्याकडे रोखलेली होती का?" सरकारी वकीलबाईंनी विचारलं.

"होती," गुन्वोर म्हणाली. "नळीचं भोक दिसत होतं मला."

"मग तुम्ही काय केलंत?"

गुन्वोर ओशाळली. पोलिसात केस पिकलेली बाई, पण शाळेतल्या पोरीसारखी खाली बघायला लागली.

"मग मी बूट काढले."

कोर्टात चुळबुळ झाली. वर मधोमध न्यायाधीश, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांच्याबरोबर निकाल देणारे, आमच्याच खोऱ्यातले दोन पंच, एक मेंढ्या पाळणारा आणि एक शाळेतली बाई. चिखलाचे बूट घालून कुणाच्या घरात शिरायचं नसतं, हे नॉर्वेत कुणाला शिकवावं लागत नाही. पण समोर बंदूक असताना?

आरोपीच्या जागी तोरगाईर बसला होता. सत्तरी उलटलेला, बायको गेलेली, आणि अटक झाल्यापासून तोंडातून चकार शब्द न काढलेला. आरोप पोलिसाच्या खुनाच्या प्रयत्नाचा. शाबीत झाला तर म्हातारा तुरुंगातच मरायचा, हे सगळ्यांना कळत होतं. त्या दिवशी सकाळी त्याने अंगणात स्वतःच्या कुत्रीला गोळी घातली होती, आणि तो आवाज ऐकून शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला होता. ज्याला कुत्रीची दया आली नाही त्याला माणसाची काय येणार, असं वकीलबाई सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या. खरं सांगायचं तर आम्हालाही ते पटलं होतं.

गुन्वोरच्या आधी तिचा जोडीदार सिंद्रे साक्ष देऊन बाकावर येऊन बसला होता. त्याने सगळं सरळ सांगितलं होतं. "आमची हत्यारं गाडीत कुलपात असतात. वरून परवानगी आल्याशिवाय काढायची नाहीत. मी वायरलेसवर परवानगी मागतोय, तोवर ही निघालीसुद्धा. थांब म्हटलं, तर म्हणते, दार उघडंच आहे." परवानगी मिळाली तसा तो पिस्तूल घेऊन खिडकीशी धावला. आत बघतो तर गुन्वोर उंबऱ्याच्या आत वाकलेली, मान खाली, आणि म्हाताऱ्याच्या बंदुकीची नळी तिच्या डोक्यावर. "माझं बोट चापावर होतं. अजून एक श्वास, आणि मी झाडलीच असती."

आता वकीलबाई गुन्वोरला मदत करू पाहत होत्या. "म्हणजे त्याला गोंधळात टाकायला तुम्ही मुद्दाम वाकलात. बरोबर ना?"

पेपरवाल्यांनीही तेच छापलं होतं. वाघीण काय, थंड डोक्याची काय.

"नाही हो," गुन्वोर म्हणाली. "डोकंबिकं काही चाललं नव्हतं. जमीन नुकती पुसलेली होती. ओली होती, साबणाचा वास येत होता. माझे बूट चिखलाने भरलेले. हात आपोआप नाड्यांकडे गेले. एका नाडीची गाठ बसली होती, ती काही सुटेना. तेव्हा कुठे ध्यानात आलं, मी हे काय करून बसलेय. पण एका पायात बूट आणि एका पायात मोजा, असं उभं तरी कसं राहणार? म्हणून दुसराही काढला."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण ती नंतर, गाडीत बसल्यावर."

कुणी हसलं नाही. जिगर म्हणायची की खुळेपणा, कळेना, पण त्या बाईकडे बघतच राहावंसं वाटत होतं.

"तुम्ही मान वर केलीत," आरोपीच्या वकिलाने उठून विचारलं, "तेव्हा हे काय करत होते?"

"तेही वाकले होते. बंदूक भिंतीला टेकवून ठेवली होती. बाकाखालून सपाता काढत होते, बायकोच्या. माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, घाल पायात, जमीन गार आहे."

खिडकीबाहेर रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या गाडीचा आवाज आत ऐकू आला. मेंढ्यावाल्या पंचाने चष्मा काढला आणि पुसत बसला. वकीलबाई खाली बसल्या.

न्यायाधीश रोजच्यासारखे आरोपीकडे वळले. "तोरगाईर, तुम्हाला काही सांगायचंय?" उत्तराची अपेक्षा कुणालाच नव्हती, त्यांनाही नसावी.

तोरगाईर उठला. टेबलाला धरून उभा राहिला आणि बाकावरच्या सिंद्रेकडे बघत म्हणाला, "हा पोरगा बुटांसकट आत आला. सगळी जमीन घाण केली."

सिंद्रे कानापर्यंत लाल झाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या सकाळी जमीन कशासाठी पुसली होतीत?"

एवढं साधं कसं कळत नाही, अशा नजरेने तोरगाईरने त्यांच्याकडे पाहिलं.

"कुत्रीला सांभाळायला मागे कुणी नव्हतं," तो म्हणाला. "आणि नंतर लोक येणारच होते की घरात."