पूल कुठे हवा?

नोकरीतली सिमेनाची ही पहिलीच गावसभा. पूल कुठे बांधायचा ते गावालाच विचारून ये, असं साहेबांनी सांगितलं, म्हणून ती तीन नकाशे घेऊन अँडीजच्या डोंगरातल्या त्या गावात आली. सभागृहात तिला कुणी बसा म्हटलं नाही. सगळे कोकाची पानं चघळत तिच्याकडे रोखून बघत होते.

“आम्ही सांगू तिथंच होणार का पूल?” सातुर्निनाबाईंनी विचारलं.

“तिथंच. शब्द देते.”

“शब्द राहू दे तुझ्यापाशी. इकडं ये.” बाईंनी तिला दंडाला धरून दारात नेलं. खाली नदीकाठी, बाईंच्या उभ्या मक्यात, दोन यंत्रं खड्डा खणत होती. “सोमवारपासून चालू आहेत. लाव तुझ्या साहेबाला फोन, आमच्यादेखत.”

सिमेनाने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

“खोदकाम सुरू झालं तर झालं,” साहेब म्हणाले. “त्या अडाण्यांना घटकाभर बोलू दे, सह्या घे, फोटो काढ आणि नीघ.”

सिमेनाने फोन तसाच सातुर्निनाबाईंच्या हातात दिला. “आता तुम्हीच विचारा,” ती म्हणाली.