समोर बसलेले साहेब

"आठवून बघा काका," साहेब पुन्हा म्हणाले. "घाई नाही मला."

सकाळी दहापासून साहेब समोर बसून होते. पोलीस ठाण्यातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे वेळ कळायची ती साहेबांच्या मनगटावरून. तिथे आता तीन वाजत आले होते.

परवा संध्याकाळी छापखाना जळाला. कागदाच्या खोलीत अडकलेला मशीनमन गेला. बाइंडरकाकांनी पुस्तकं चिकटवायचा सरस वितळवायची विजेची शेगडी चालू ठेवली आणि घरी निघून गेले, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

"मी बंद करूनच निघतो, साहेब."

"रोज करता. परवा केली?"

काका अडकत होते ते इथेच. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी ते बटण बंद केलं होतं. त्यातली परवाची संध्याकाळ नेमकी कोणती, हे कसं सांगायचं? काल दाराला कडी लावली का, असं चाळीस वेळा विचारलं की कुणालाही धास्ती वाटायला लागते.

साहेबांनी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. "जेवण सांगतो, एवढं उरकलं की," असं मात्र ते दोनदा म्हणाले होते. आणि, "मशीनमनची बायको बाहेर बाकावर बसलीय. तिला काय सांगू?" असं तीनदा.

मधूनमधून ते दुसरंही काही विचारत. पुस्तक शिवतात कसं, दोरा कसला लागतो. काका म्हणाले होते, "लोक पुस्तकाचं तोंड बघतात साहेब, मी पाठ बघतो." साहेब मनापासून हसले होते. बायको गेल्यापासून काकांच्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. हसायला समोर कुणी असावं लागतं.

काकांनी वकील सकाळीच मागितला होता. एका कायद्याच्या पुस्तकाचे छापील पानांचे फर्मे शिवताना त्यांनी वकिलाच्या हक्काचं कलम वाचलं होतं. वकील आला तो तीनला. सरकारने दिलेला. साहेब बाहेर गेले, तरी तो दारापाशीच उभा राहिला.

"वय?"

"त्रेसष्ट."

"मग सही करून टाका. निष्काळजीपणाचं कलम आहे. वय बघून शिक्षा कमी होईल."

"वकीलसाहेब, मीटरच्या पेटीतून आठवडाभर करपल्याचा वास येत होता. मी मालकांच्या कानावर घातलं होतं..."

"ते कोर्टात बघू." त्याचा फोन वाजला. थांबा, अशी बोटाने खूण करून तो बोलत बोलत बाहेर गेला. काका थांबले. तो काही परत आला नाही. शेगडी बंद केली होती का, एवढंसुद्धा त्याने विचारलं नव्हतं.

परत आले ते साहेब. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि बसले.

"काय म्हणाले वकील?"

"सही करा म्हणाले."

"आणि तुमचं मन काय म्हणतं?"

काकांनी डोळे मिटले. बटण दिसलं. बोट दिसलं. मग बोट दिसेनासं झालं.

"राहिली असेल," ते म्हणाले.

"असेल?"

"राहिली."

साहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो गरम होता. काकांचे डोळे भरून आले. आपण रडतोय ते मशीनमनसाठी की त्या हातामुळे, हे त्यांना सांगता आलं नसतं.

जबाब चार पानांचा होता. सह्या झाल्यावर काकांनी सवयीने पानं टेबलावर ठोकून चारी कडा सारख्या केल्या आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती घेतली, टोपी उचलली आणि ते निघून गेले. दार त्यांच्यामागे आपोआप लागलं.

बऱ्याच वेळाने एक शिपाई वही घेऊन आला. जेवणाचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"अटक झालीय तुम्हाला. घरी कुणाला कळवायचं? एक नाव लागतं."

काका विचारात पडले. बायको गेली त्याला अडीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शेजारचा भाडेकरू गेल्याच महिन्यात नवा आला होता. उरला असता तो मशीनमन.

"बोला ना आजोबा. कुणाचं लिहू?"

"साहेबांचं लिहा."

शिपायाचं पेन थांबलं. "कुठल्या साहेबांचं?"

"आत्ता इथे बसले होते ना," काका म्हणाले, "त्यांचं."