साडेनऊची बस

आमच्या खोऱ्यातून निवडून गेलेल्या मेरेरिदनं वेल्सच्या संसदेत विचारलं, "मंत्रिमहोदय, साडेनऊची इस्पितळाची बस गेली कुठं?" मंत्र्यांनी कागद चाळले. "रोज धावतेय." "मग सोमवारी थांब्यावर या, मलाही दाखवा!" मंत्री खरंच आले. हे करतात काय, ते बघायला घराघरांतले पडदे सरकले. थांब्यावर म्हाताऱ्या ओल्वेनबाई घरचं स्टूल टाकून बसल्या होत्या. साडेनऊ वाजले, अकरा वाजले. बस आली नाही. "तुम्ही जाता कशा?" मंत्र्यांनी विचारलं. "जाते कुठं? डोळ्यांची दोन इंजेक्शनं हुकली. तुमचा चेहराही धूसरच दिसतोय, साहेब." मंत्र्यांनी त्यांना आपल्या गाडीत बसवून इस्पितळात धाडलं. कोटाची कॉलर वर करत थांब्यावर आलेल्या मेरेरिदला विचारलं, "इस्पितळ चालत किती आहे?" "सात मैल." ते चालू लागले. तिसऱ्या वळणावर त्यांनी थांबून पाहिलं, तर निम्मं गाव मागून येत होतं.